लोकसंख्या एकाने वाढली

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सावरून घ्यायची सोय राहणार नाही. २०१६ च्या दिवाळीत, सस्काटूनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, भरल्या हॉलसमोर मी एका म्हाताऱ्या माणसाची नक्कल केली. तो माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याच्याच घराच्या बेसमेंटमध्ये मी बायको-मुलीसह राहत होतो. नक्कल फार चांगली झाली, हेही कबूल करायला हवं. तिच्यात मी एक गोष्ट वापरली. ती त्यांनी फक्त मला सांगितली होती आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. मी कुणाला सांगितली नाही. मी ती सगळ्यांना करून दाखवली.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे मिरजेचे, पंपांचे इंजिनिअर. तरुणपणीच कॅनडात आले आणि इथल्या पोटॅश खाणींतलं पाणी उपसणाऱ्या पंपांवर सगळी नोकरी करून निवृत्त झाले. पण गाव कुठलं असं विचारलं तर मिरज म्हणत नसत. पश्चिम जर्मनीतल्या डोंगराळ भागातल्या, जेमतेम काहीशे वस्तीच्या एका खेड्याचं नाव सांगत. कॅनडात येण्याआधी दोन वर्षं ते तिकडे पंपांच्या कारखान्यात शिकाऊ होते. कारखान्याच्या शहरात खोली परवडेना म्हणून या खेड्यात, एका लोहाराच्या घरी माडीवर राहिले. दोनच वर्षं. त्याला चाळीसहून जास्त वर्षं उलटून गेली होती.

तरी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते म्हणत, “गावी काल गारा पडल्या.”

नव्या पाहुण्याला वाटे, मिरजेला पडल्या. तो हळहळून विचारी, “द्राक्षांचं नुकसान झालं असेल?”

“द्राक्षं खाली नदीकाठी. आमच्याकडे उंचीमुळे होत नाहीत,” काका सांगत, आणि पाहुण्याचा पुढचा पाऊण तास गेलेला असे.

स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक गावचं. त्यांच्या मधे काकांनी स्वतः काढलेला गावाचा मोठा नकाशा. चर्चच्या खाली दोन ओढे एकत्र येतात, तिथे जुनी पाणचक्की. टेकडीपलीकडे सात घरांची वाडी, तीही याच गावात मोडते. वर पाटीच्या दगडाची बंद पडलेली खाण. उरलेलं सगळं जंगल. गावाच्या मालकीचं जंगल, हे काका बोट ठेवून सांगत. “कचरा जिल्ह्याकडे गेला. पाणी गावांच्या समूहाच्या कचेरीकडे गेलं. शाळा तर केव्हाच गेली. पण लाकूड कुठलं तोडायचं हे आमची गावसभाच ठरवते. वर्षातून एकदा सरपंच आणि सगळे सदस्य जंगलात चालत जातात आणि एकेक झाड बघतात.” सरपंचाला पगार नसतो, तो दिवसा आपला धंदा करतो आणि संध्याकाळी गावाचा कारभार बघतो, हे तर त्यांनी मला पन्नासदा सांगितलं असेल.

गावाचा इतिहासही ते घरातल्या जुन्या भांडणासारखा सांगत. सतराव्या शतकातल्या मोठ्या युद्धात गाव ओसाड पडलं, मग परतलेल्या थोड्या घरांनी ते पुन्हा वसवलं. काही वर्षं फ्रेंचांचं राज्य आलं, त्यांनी जन्ममृत्यूची नोंद चर्चकडून काढून सरपंचाकडे दिली, आणि फ्रेंच गेले तरी ती तिथेच राहिली. पुढे पिकं बुडाली तेव्हा कितीतरी घरं बोटीत बसून ब्राझीलला निघून गेली. “म्हणजे बघ,” ते म्हणत, “आपल्याच लोकांनी देश सोडला असं काही नाही.”

काकू हे सगळं भाजी निवडत ऐकत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “लग्न माझ्याशी केलं, पण ह्यांचं सासर जर्मनीत आहे.” एकदाच काका त्यांना ते गाव दाखवायला घेऊन गेले होते. “लोक बायकोला पॅरिस दाखवतात रे. मला ह्यांनी सांडपाण्याची टाकी दाखवली. वर विचारलं, कशी वाटली?”

“नवी होती तेव्हा,” काका म्हणत.

मी २०१४ च्या नोव्हेंबरात नागपूरहून एकटाच आलो. हातात पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, होती; नोकरी नव्हती. मंडळातल्या कुणीतरी काकांचा नंबर दिला होता. विमानतळावर ते स्वतः आले, हातात माझ्यासाठी एक जुना पार्का, टोपीचा जाड कोट, घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी वर चहाला गेलो तर त्यांनी एक जाड बांधणीची वही पुढे केली. रहिवासी नोंदवही. नाव, कुठून आला, आल्याची तारीख. शेवटचा रकाना गेल्याच्या तारखेचा. माझ्या आधी राहून गेलेल्या बहुतेक भाडेकरूंनी जाताना तिथे तारीख घालून सही केलेली होती. मी सही केली. काका उठले आणि फ्रिजवरच्या पांढऱ्या बोर्डावर त्यांनी लिहिलं, ‘लोकसंख्या ३. एकाने वाढली.’

मला वाटलं, विनोद आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

घराचा कारभार गावाच्या कारभारासारखा चाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला स्वयंपाकघरात सभा. सात दिवस आधी माझ्या दाराखालून विषयपत्रिका येई. काका टाय लावून बसत, इतिवृत्त स्वतः लिहीत, आणि सभा सुरू करायला काकूंच्या देवघरातली घंटा वाजवत.

“विषय पहिला. रहिवाशांचे प्रश्न.”

“माझा प्रश्न आहे,” काकू म्हणत. “माझी घंटा देवघरात परत कधी येणार?”

“लेखी द्या.”

“आज जेवायलाही लेखीच देते.”

काका हे लिहून घेत, खरोखर. मग माझ्याकडे वळून म्हणत, “बेसमेंटचे प्रतिनिधी, आपलं काय म्हणणं आहे?” दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी मला, “अरे गाढवा, हीटरवर मोजे वाळत घालतात का?” असं विचारलेलं असे. पण सभेत मी ‘आपण’ असे.

तिकडे गावी सगळ्यांची मिळून एक भट्टी होती, तिथे पूर्वी घरोघरचा पाव भाजला जाई. पहिल्या घराला थंड भट्टी तापवायला जास्त लाकूड लागे, म्हणून कुणाचा नंबर पहिला हे चिठ्ठ्या टाकून ठरे. आमच्या घरात शनिवारी सकाळच्या अंघोळीला चिठ्ठ्या पडत, कारण गरम पाणी पाइपमधून यायला वेळ लागे आणि पहिल्याला थंड पाण्याखाली उभं राहावं लागे. दर शनिवारी काकूंची चिठ्ठी शेवटची कशी निघते, हे मला अडीच वर्षांत कळलं नाही. काकांना कळलं होतं, असं मला आता वाटतं.

गावाचं साप्ताहिक गावपत्र दर गुरुवारी कॉम्प्युटरवर येई आणि काका ते छापून वाचत. प्रिंटर माझ्या पलंगाशेजारी होता. गुरुवारी सकाळी तो घरघरला की मी उठे आणि गरम कागद वर नेऊन देई. त्यात सरपंचाचे बोल, नळ दुरुस्तीची सूचना, अग्निशमन दलाचा सराव, कुणाची ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्याच्या शुभेच्छा. एकदा ओढ्याजवळच्या झऱ्यापाशी बाक ठेवायचा की नाही यावर गावसभेच्या तीन बैठका झाल्या. काका त्या काळात जेवत नव्हते म्हटलं तरी चालेल. मंडळाच्या पिकनिकला ते प्रत्येकाला विचारत फिरले, “तुम्हाला काय वाटतं, बाकाचं तोंड पाण्याकडे हवं की रस्त्याकडे?”

या माणसाने मला इथे उभं केलं. ते कसं, हे सांगितल्याशिवाय माझी चूक किती मोठी आहे ते कळणार नाही.

पहिल्या डिसेंबरात उणे बावीस तापमान असताना ते मला हद्द चालायला घेऊन गेले. गावी ठरावीक वर्षांनी सगळे मिळून हद्दीच्या दगडांवरून चालत असत, कुठला दगड सरकला का बघत. इथे दगड नव्हते. आम्ही आमच्या पेठेच्या चारही बाजूंच्या रस्त्यांवरून चाललो. माझ्या भुवयांवर बर्फ धरलं होतं आणि काका दाखवत होते, हे पावसाच्या पाण्याचं गटार, हे नदीला जातं. या खोपटात पंप आहे, सांडपाणी वर चढवायला. ही हायड्रंट, आगीच्या बंबाची पाण्याची तोटी. “ज्या गावात आपण राहतो त्याचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे माहीत नसेल,” ते म्हणाले, “तर आपण तिथे राहत नाही. नुसते उतरलेले असतो.”

परत येताना माझी नेमणूक झाली. “तू अग्निशमन दल. बर्फ पडलं की कोपऱ्यावरची हायड्रंट मोकळी करायची. शोव्हल गराजमध्ये आहे.”

मी पुरता बेकार होतो. त्यामुळे बर्फ पडलं की आधी घरासमोर शोव्हल करायचं आणि मग ती कोपऱ्यावरची हायड्रंट खणून काढायची, एवढंच काम मला होतं. बर्फ ढकलणारा ग्रेडर रस्ता साफ करून गेला की तिच्याभोवती पुन्हा बांध पडे, मी पुन्हा खणे. फेब्रुवारीत एक शेजारी गाडी थांबवून म्हणाला की ती तुझ्या घरासमोर नाही, मग रोज का साफ करतोस? मी मोडक्यातोडक्या शब्दांत गाव, लोहार, अग्निशमन दल असं काहीतरी सांगितलं. तो खूप हसला आणि मला कॉफीला घेऊन गेला. त्याच्या ऑफिसात टेस्टिंगला माणूस हवा होता. आज मी जे काही कमावतो त्याची सुरुवात त्या कॉफीपासून आहे.

पण फेब्रुवारीपर्यंत मी थांबलोच नसतो. जानेवारीत तिसऱ्या इंटरव्ह्यूला नकार आला त्या दुपारी मी वर जाऊन काकांना सांगितलं, “मी परत जातो. तिकीट बघतोय.” काकू देवळात गेल्या होत्या. काका उठले. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात एका पाकिटात पिवळं पडलेलं कात्रण होतं, बोटभर. त्या काळी गावपत्र कागदावरच येई, आणि दर सहामाहीला त्यात गावची मोजणी छापत. त्यांनी चष्मा लावला आणि वाचून मराठीत सांगितलं.

“जन्म, नाही. मृत्यू, नाही. बाहेरून आलेले, एक. गावची लोकसंख्या एकाने वाढली.” मग कात्रण टेबलावर ठेवून म्हणाले, “तो एक मी.”

चार महिने झाले होते त्यांना तिथे. कारखान्यात त्यांचं नाव कुणाला घेता येत नव्हतं, सगळे नुसते ‘भारतीय’ म्हणत. ताप येऊन ते आठवडाभर माडीवर पडून होते आणि परतीचं तिकीट काढायचं ठरवून बसले होते. लोहारच त्या वेळी सरपंच होता. तो संध्याकाळी गावपत्र घेऊन वर आला आणि या ओळीवर काळं बोट ठेवून उभा राहिला. “त्याने मला विचारलं नाही, किती दिवस राहणार. तुझं इथे काय काम, तेही विचारलं नाही. मोजलं,” काका म्हणाले. “माझं नावसुद्धा नाहीये त्यात. नुसतं एक. पण त्या एकावर मी आयुष्यभर चाललो आहे रे.”

त्यांचे डोळे भरले होते. चष्मा पुसत म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. हसतील लोक.”

तेव्हा मला फ्रिजवरचा बोर्ड कळला. मी खाली गेलो आणि तिकीट बघणं बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात बायको आणि मुलगी आल्या. दोघींनी वहीत सह्या केल्या, मुलीने इंग्रजीत. बोर्डावर पाच झाले. काका त्या दिवशी इतके खूश होते की सभा नसताना टाय लावून बसले.

आता ती दिवाळी. कॉलेजात असल्यापासून मला आवाज काढता येतात. मंडळात दोन वर्षं मी काकांचा भाडेकरू म्हणून ओळखला जात होतो. इतरांची घरं होती, निदान कॉन्डो होते. आधी एका जेवणावळीत मी बाकाची गोष्ट काकांच्या आवाजात सांगितली आणि लोक पोट धरून हसले. मग कार्यक्रम ठरवणाऱ्यांनीच विचारलं, “स्टेजवर करशील का? तुझ्याकडे घरातच मटेरियल आहे.” मला फार बरं वाटलं. खरं कारण एवढंच आहे. ते फार मोठं असतं तर सांगताना मला कमी लाज वाटली असती.

टाय, मफलर, हातात घंटा. बाकाचं तोंड कुठे, यावर हॉल कोसळला. सांडपाण्याच्या टाकीवर बायका डोळे पुसायला लागल्या. मग हसणं जरा ओसरलं, आणि मला शेवट सुचत नव्हता. ओसरणारं हसू स्टेजवरून ऐकू येतं. मी खिशात हात घातला, कसलीशी पावती होती ती डोळ्यांजवळ धरली, चष्मा पुसल्यासारखं केलं आणि भरल्या आवाजात म्हणालो, “गावची लोकसंख्या एकाने वाढली! आणि तो एक… तो एक मी!”

इतक्या टाळ्या मला आयुष्यात पुन्हा मिळाल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत काका हसत होते, टाळ्याही वाजवत होते. घरी जाताना आम्ही पाचही जण त्यांच्याच गाडीत. गाडी लावून उतरताना ते म्हणाले, “आवाज चांगला काढलास.” बाकी काही नाही.

पुढच्या गुरुवारी मला उशिरा जाग आली. प्रिंटर वाजलाच नव्हता.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. महिना संपत आला तरी दाराखालून विषयपत्रिका आली नाही. पहिल्या रविवारी अकराला मी काहीतरी निमित्त काढून वर गेलो. काका सोफ्यावर बातम्या बघत होते, टाय नव्हता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन घड्याळांच्या मधे नकाशाच्या आकाराचा फिकट चौकोन होता. घंटा देवघरात होती. काकूंना ती मिळाली होती आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“कसा आहेस? बस,” काका म्हणाले. इथल्या हवेबद्दल बोललो. गावच्या हवेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्यानंतरही कधी काढलं नाही.

बायको म्हणाली, “तू एकदा बोल त्यांच्याशी.”

“काय बोलू? ते स्वतः हसले.”

“पाहुणे पण हसतातच की, भाजी करपली तरी.”

मी बोललो नाही. माणूस ज्या चुकीची माफी मागतो ती चूक मान्य करतो, आणि मला अजून ती कलाच वाटत होती. पुढे कला वाटेनाशी झाली तेव्हा भीती वाटायला लागली. २०१७ च्या जुलैत आम्ही घर घेतलं आणि निघालो. निघायच्या दिवशी वहीत शेवटच्या रकान्यात सही करायला वर जायला हवं होतं. मी किल्ली काकूंच्या हातात दिली आणि बाहेरच्या बाहेर गेलो. माझे विंटर टायर त्यांच्या गराजमध्ये राहिले होते. ऑक्टोबरात पहिलं बर्फ पडलं तेव्हा ते आणायला जावं लागलं असतं. मी नवे घेतले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात काकूंचा फोन आला. “तुझे टायर घेऊन जा बाबा. घर विकलं. जूनमध्ये आम्ही ओटावाला, मुलीकडे.”

मी गेलो. काका फिरायला गेले होते. गराजमध्ये खोकी भरलेली होती, एका खोक्यातून गुंडाळलेल्या नकाशाचं टोक वर आलं होतं. मी विचारलं, “काका परत काही वाचतात का, गावचं?”

काकूंनी टायरवरची धूळ फडक्याने झटकली. “त्या कात्रणाचं मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं संसार केला, गाव बघून आले, तिथली टाकी बघून आले. ते कात्रण मला कधी दाखवलं नव्हतं. मला ते तुझ्या नकलेत कळलं. सगळ्यांबरोबर मीही हसले रे, मला काय माहीत. घरी आल्यावर विचारलं, अहो, खरंच असं काही आहे का? तर म्हणाले, होतं.”

मी दीड वर्षं एकाच माणसाचा अपराधी आहे असं समजत होतो.

टायर मी तिथेच ठेवले. घरी जाऊन एका कागदावर अर्ज लिहिला. ‘पुढील सभेत रहिवाशांचे प्रश्न या विषयाखाली बोलण्याची परवानगी मिळावी.’ पाकिटात घालून त्यांच्या दारावरच्या पेटीत टाकला. सात दिवस आधी, नियमाप्रमाणे. आणि जूनच्या पहिल्या रविवारी अकराला टाय लावून दार वाजवलं.

काकांनी दार उघडलं. वर्षभरात ते बरेच वाकले होते. “पत्र मिळालं,” ते म्हणाले. “सभा आता होत नाही.”

आतून घंटा वाजली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी काकू उभ्या होत्या, हातात त्यांची घंटा, समोर इतिवृत्ताची वही. “सुरू झाली,” त्या म्हणाल्या. “आत या दोघं. मला नंतर पोळ्या करायच्या आहेत.”

काका येऊन आपल्या खुर्चीवर बसले. वहीकडे त्यांनी बघितलं नाही. “विषय पहिला फक्त रहिवाशांसाठी असतो,” ते म्हणाले. “आपण रहिवासी नाही.”

“त्याचे टायर आहेत इथे,” काकू म्हणाल्या.

“टायरला मत नसतं.”

काकूंनी कोपऱ्यातलं एक खोकं उघडलं, नोंदवही काढली, माझं पान शोधलं आणि काकांपुढे ठेवलं. नाव, नागपूर, आल्याची तारीख. शेवटचा रकाना कोरा. मी सही न करता गेलो होतो हे खरं, पण वही त्यांची होती. एक रेघ मारून ते मला कधीही कमी करू शकले असते. माझ्याआधीच्या एका भाडेकरूची तारीख त्यांनीच आपल्या हाताने घातलेली मला तिथे दिसत होती.

काकांनी चष्मा लावून तो रकाना बराच वेळ वाचला, जणू त्यात काही लिहिलेलं होतं. “नोंद कमी झालेली नाही,” ते शेवटी म्हणाले.

“मग?” काकू.

“मग बोलू शकतात.” त्यांनी पेन उघडलं. “उभं राहून बोलायचं असतं. आणि सावकाश. मला लिहायचं आहे.”

मी उभा राहिलो. आठ दिवस पाठ केलेलं सगळं विसरलो होतो.

“मी दिवाळीत काकांची नक्कल केली,” मी म्हणालो. “बाकाची, घंटेची केली, त्याचं मला इतकं वाटत नाही…”

“वाटायला हवं,” काकू म्हणाल्या.

“वाटतं. बाकाचंही वाटतं.”

“एक काय ते ठरवा,” काका लिहिता लिहिता म्हणाले.

“मी परत जायला निघालो होतो, तेव्हा काकांनी मला विश्वासाने एक कात्रण दाखवलं. त्या कात्रणामुळे मी या गावात राहिलो. माझी नोकरी, माझं घर, माझी मुलगी इथे शाळेत जाते, सगळं त्यामुळे. या घरात मला कुणी विचारलं नाही, किती दिवस राहणार. पहिल्याच सकाळी मोजलं. आणि टाळ्यांसाठी मी तेच उचलून लोकांना हसायला दिलं. काकूंना जे काकांकडून कळायला हवं होतं ते त्यांना माझ्याकडून कळलं, हॉलमध्ये, हसता हसता. मग दीड वर्षं मी तोंड चुकवत राहिलो. काका, काकू, माझं चुकलं. मला क्षमा करा.”

पेनाचा आवाज थांबला होता. काका वहीवर वाकलेले होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. काकू खिडकीकडे बघत होत्या.

“‘विश्वासाने’पर्यंत आलोय,” काका म्हणाले. “पुढचं राहिलं. पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. या वेळी एकेक शब्द, ते लिहीपर्यंत थांबत. कात्रण. गाव. मोजलं. टाळ्या. काकू. शेवटच्या दोन वाक्यांपाशी आलो तेव्हा त्यांनी मान वर केली आणि पेन टेकवून वाट बघत राहिले.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. त्यांनी लिहिलं.

“मला क्षमा करा.”